तीन महिने शेपू

लग्न होऊन बंगलोरला आल्यावर वर्षभरात मला कन्नड आलं नाही, असं आमचे हे सगळ्यांना सांगत. ते खोटं होतं. मला कन्नड चांगलं समजत होतं. दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या, आणि लिहिता तर इतकं सुबक येत होतं की एखाद्या शाळेनं माझी वही नमुना म्हणून भिंतीवर लावावी. फक्त बोलता येत नव्हतं. खरं म्हणजे तेही खोटंच. मी बोलत नव्हते. या दोन गोष्टींतला फरक कळायला मला तीन महिने शेपू खावा लागला, आणि माझ्याबरोबर आमच्या ह्यांनाही, ज्यांना शेपूच्या नुसत्या वासानं शिसारी येई.

सत्तावन्न की अठ्ठावन्न साल असेल. हे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सकाळी साडेसहाला कारखान्याची बस त्यांना चौकातून घेऊन जाई आणि संध्याकाळी साडेपाचला आणून सोडी. मधले अकरा तास मी आणि माडीवरच्या दोन खोल्या. शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीतलं घर होतं. खाली मालकीणबाई राहत. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही अक्का म्हणे. त्यांचं घराणं शिंप्याचं. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कधीतरी महाराष्ट्रातून इकडे आलेलं, छावणीतल्या साहेबांचे कोट शिवून नावारूपाला आलेलं. आता नवरा गेलेला, मुलगे नोकरीसाठी परगावी, आणि घरात त्या एकट्या. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि उरलेल्या निम्म्यात लिंगवचनाचा पत्ता नव्हता. पुण्यात मी चार वर्षं शाळेत शिकवलेलं. चुकीचं ऐकलं की माझ्या तोंडून बरोबर रूप आपोआप बाहेर पडे, शिंक यावी तसं. मी त्यांना प्रेमानं सुधारून देत असे. त्या "सरी, सरी" म्हणत आणि खाली जात.

आमच्या ह्यांना कन्नडचे एकूण तीसेक शब्द येत. क्रियापदं त्यांना मान्यच नव्हती. पण त्या तीस शब्दांत थोडं हिंदी, थोडं इंग्रजी आणि दोन्ही हात मिसळून ते चांभार, पोस्टमन, बसचा कंडक्टर, कोपऱ्यावरचा विडीवाला, सगळ्यांशी तासन्‌तास गप्पा मारत. बाजारात मी त्यांच्यामागे दोन पावलं अंतर ठेवून चालायची, आमची ओळख नसल्यासारखी.

"लोक हसतात हो तुम्हाला," मी एकदा वैतागून म्हटलं.

"हसू देत की. चपलेचा अंगठा शिवून दिला ना?"

अशा माणसाशी काय बोलायचं?

जून महिन्यात मी धीर करून जवळच्या एका मुलींच्या शाळेत गेले. घर मला खायला उठलं होतं. पुण्यात दिवसातून शंभरदा "बाई, बाई" ऐकायची सवय झालेल्या माणसाला दिवसभर कुणी हाकच मारली नाही, तर आपण आहोत की नाही अशी शंका यायला लागते. मला ती शाळा हवी होती. पगारासाठी नाही. सकाळी उठून केस विंचरायला काहीतरी कारण हवं होतं.

मुख्याध्यापिका बेळगावकडच्या निघाल्या. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच वेगानं बोलणाऱ्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेल्या. माझी सर्टिफिकिटं त्यांनी उघडूनही पाहिली नाहीत.

"गणित तुम्ही शिकवाल हो, त्याची मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. "तिसरीच्या बाई दसऱ्याला सोडून चालल्यात. जागा आहे बघा. पण पोरींशी बोलणार कुठल्या भाषेत?"

"मी कन्नड शिकतेय," मी म्हटलं. मराठीत.

"मग छानच की! दसऱ्याच्या सुट्टीआधी या. तिसरीवर एक पाठ घेऊन दाखवा. पाठ जमला तर जागा तुमची."

हातात साडेतीन महिने होते. मी घरी येऊन नवी वही घेतली, तिला पुठ्ठा घातला, आणि पहिल्या पानावर वेळापत्रक आखलं. जून अखेर अक्षरं. जुलैत नामं आणि त्यांच्या विभक्त्या. ऑगस्टमध्ये क्रियापदं. सप्टेंबरमध्ये बोलणं. आज इतक्या वर्षांनी ते वेळापत्रक आठवलं तरी मला स्वतःची कमाल वाटते. बोलणं मी बरोबर सगळ्यात शेवटी ढकललं होतं, आणि वर स्वतःला समजावत होते की हा शास्त्रशुद्ध क्रम आहे.

अक्षरं जूनमध्ये संपली. मग वाटलं, वळण अजून नीट नाही. पुन्हा गिरवली. जुलैत विभक्त्यांचे तक्ते झाले, तांबड्या शाईत आणि निळ्या शाईत. क्रियापदांना हिरवी शाई पाहिजे म्हणून ती शोधायला एक आठवडा गेला. मी काही आळशी नव्हते. उलट त्या तीन महिन्यांत मी जितकी राबले तितकी बी.ए.लाही राबले नव्हते. जे करायचं ते सोडून बाकी सगळं मी अतिशय मन लावून केलं.

बोलायची वेळ आली की काय होई ते सांगते. वाक्य तयार असे. घशापर्यंत व्यवस्थित येई. पण तिथे जणू कुणीतरी मास्तरीण तांबडी पेन्सिल घेऊन बसलेली असे. ती ते वाक्य अडवी आणि तपासायला घेई. कर्ता बरोबर आहे का? क्रियापदाचा शेवट जुळला का? समोर मोठं माणूस आहे, आदरार्थी घातलंस का? तिचं तपासून होईपर्यंत समोरचं माणूस निघून गेलेलं असे. मग मी घरी येऊन तेच वाक्य वहीत लिहून ठेवी, एकही चूक न करता.

तोंडातून सुटे तो एकच शब्द, "सरी". म्हणजे ठीक आहे, बरं. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पण या शब्दाचा त्रास असा, की होकार द्यायला तो एकटा पुरतो आणि नकार द्यायला काही उपयोगाचा नाही. नको याला कन्नडमध्ये "बेडा" आहे. पण नुसतं "बेडा" म्हणून समोरच्याला वाटेला लावणं माझ्या पुणेरी जिभेला उद्धटपणाचं वाटे. नको म्हटलं की कारण सांगावं, कारण सांगायचं तर वाक्य हवं, आणि वाक्य म्हटलं की मास्तरीण पेन्सिल सरसावून तयार.

सकाळी पालेभाजीवाली येई. आनेकलकडची. तिकडच्या पहिल्या बसनं डोक्यावर पाटी घेऊन येई आणि आठ वाजता आमच्या जिन्याशी हाळी देई. जूनमध्ये एकदा तिनं मला शेपूची जुडी दाखवून विचारलं, चांगला आहे, देऊ का? मी म्हटलं, सरी. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन शेपू काढला आणि म्हणाली, काल आवडला ना? मी म्हटलं, सरी. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, रोज आणू? दोन जुड्या आणू?

पुढचं सांगायला नकोच.

आमच्या घरात शेपूची भाजी झाली, मुगाची डाळ घालून झाली, डाळ न घालता झाली. शेपूची भजी झाली. शेपूचे पराठे झाले. एकदा मी आमटीत लपवून घातला तर ह्यांनी पहिल्याच घासाला ताटावरून मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघू लागले. कारखान्यात त्यांचा डबा उघडला की शेजारचे लोक जागा बदलतात, असं ते म्हणत. मला ते अतिशयोक्त वाटे, पण पुरतं नाही.

"मी सांगतो तिला," एका रविवारी ते म्हणाले. "एका शब्दाचं काम आहे."

"तुम्ही मुळीच सांगायचं नाही!" मी ओरडले. "तुम्ही तुमच्या त्या कन्नडमध्ये काहीतरी बोलाल, आणि मला रोज तिला तोंड दाखवायचंय."

म्हणजे बघा, शेपू परवडला पण चुकीचं कन्नड नको, अशी माझी अवस्था. त्या बिचाऱ्यांनी मुकाट्यानं हात धुतले.

बसची कथाही अशीच. एकदा मला मध्ये मार्केटपाशी उतरायचं होतं. "इथे थांबवा" हे वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. मार्केट आलं. वाक्य घशाशी आलं. मास्तरीण म्हणाली, थांबवा की थांबा? मार्केट गेलं. मग पुढच्या थांब्याला तरी उतरावं, तर आता वाक्यात बदल करावा लागणार. असं करत करत मी थेट शेवटच्या थांब्याला, बनशंकरीच्या देवळापाशी पोचले. तेव्हा तिकडे वस्ती अशी नव्हतीच, नुसती शेतं आणि माळ. आलेच आहे तर दर्शन घ्यावं म्हणून गेले. आवारात बायका लिंबाच्या सालीत दिवे लावत होत्या. एकीनं माझ्या हातात एक दिवा दिला आणि काहीतरी विचारलं. मी म्हटलं, सरी, आणि लावला.

घरी यायला संध्याकाळ झाली. हे काळजीत दारात उभे, शेजारी अक्का. कुठे होतीस म्हणून विचारल्यावर मी थांबवा म्हणायला लाजले असं कसं सांगणार? म्हटलं, बनशंकरीला गेले होते, मनात होतं बरेच दिवस. दुसऱ्या दिवसापासून अक्कांची नजर बदलली. त्या माझ्याकडे मायेनं बघू लागल्या, रोज वाटीभर साजूक तूप वर आणून ठेवू लागल्या, आणि मी पाण्याची बादली उचलली की धावत येऊन हातातून घेऊ लागल्या. चार-पाच दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मला दिवस गेलेत असं त्या धरून चालल्या होत्या. पण "अहो अक्का, तसं काही नाही" हे सांगायलासुद्धा माझं तोंड उघडेना. आणि ते तर मराठीत सांगायचं होतं! तूप मात्र उत्तम होतं. शेपूवर घातलं तर शेपूसुद्धा जाई.

सप्टेंबर संपत आला. वेळापत्रकाप्रमाणे तो महिना बोलण्याचा. मी त्या महिन्यात वहीची अनुक्रमणिका केली.

पाठाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं, की आपल्याला काही ही नोकरी नको. ठरवल्याबरोबर इतकं हलकं वाटलं, की मी त्या आनंदात मुख्याध्यापिकांना पत्र लिहायला बसले. घरच्या अडचणींमुळे मला पाठासाठी येता येत नाही, क्षमा असावी, वगैरे. पत्र कन्नडमध्ये लिहिलं. एक पानभर, चारदा तपासून, निर्दोष. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. नंतर ते घडी करताना मात्र रडू आलं. सकाळी केस विंचरायचं कारण मी स्वतःच पाकिटात घालत होते, हे मला कळत होतं. तरी मी पाकीट चिकटवलं आणि टपालात टाकायला निघाले.

जिन्याच्या मधल्या पायरीवर होते तेव्हा खालून हसणं ऐकू आलं. अक्का आणि पालेभाजीवाली दारात बसून बोलत होत्या. माझ्याशी हं, बरं, सरी यापलीकडे न बोलणाऱ्या अक्का तिथे कन्नडमध्ये धबधब्यासारख्या बोलत होत्या. कुणाच्या तरी नकला करत होत्या, हातवारे करत होत्या. माझा विश्वासच बसेना की ह्या त्याच अक्का. मी तिथेच थबकले.

"तुमच्या वरच्या बाई मुक्या आहेत काय?" पालेभाजीवालीनं विचारलं.

"मुकी कसली? नवऱ्याला बोलते ते छतातून ऐकू येतं मला," अक्का म्हणाल्या. दोघी हसल्या. मग अक्कांचा आवाज उतरला. "मनानं चांगली आहे ग. पण तिच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. मी एक वाक्य बोलले की ती ते परत करते. गिऱ्हाईक झंपर परत आणतं बघ, इथे सैल झालंय, इथे घट्ट झालंय, तसं. मराठी बोलायला मिळेल म्हणून मी मराठी भाडेकरू ठेवले. आता मराठी बोलायचीच भीती वाटते."

मला भयंकर राग आला. माझ्याबद्दल, माझ्याच जिन्याखाली, आणि तेही भाजीवालीपाशी! मी ताडताड खाली उतरले. अक्कांना काहीतरी चांगलं सुनवायचं म्हणून तोंड उघडलं, समोर ती शेपूची पाटी दिसली, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मला शेपू नको!" मी ओरडले. कन्नडमध्ये. "ह्यांना नको! कधीच नको! जूनपासून नको!"

वाक्य कसलं, नुसते तुकडे होते. क्रियापदांचे शेवट कुठल्या कुठे गेले होते. आदरार्थी तर घरीच राहिलं होतं. समोरच्या ओट्यावरच्या बाईनं निवडणं थांबवलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार.

पालेभाजीवालीनं पाटीवरचं फडकं झटकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मग सांगायचं नाही का? मी शेपू लावतच नाही. पहिली जुडी शेजारच्या शेतातली सहज आणलेली, मग तुमच्यासाठी म्हणून तिथूनच रोज दोन मागून आणते. या गल्लीत दुसरं कुणी घेतसुद्धा नाही!"

आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. समोरची बाई हसली. मी हसावं की रडावं या विचारात असतानाच अक्का सहज म्हणाल्या, "असं नाही म्हणत, असं म्हणतात." आणि माझं वाक्य नीट करून त्यांनी मला परत दिलं.

माझा चेहरा कानापर्यंत तापला. चार-दोनच शब्द होते, तेही मायेनं सांगितलेले. पण मला वाटलं, पुन्हा जन्मात या बाईपुढे तोंड उघडू नये. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. काय झालं ते आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

मला आमचा पहिला आठवडा आठवला. अक्का वर आल्या होत्या, हातात जाईचा गजरा घेऊन. जमिनीवर बसून म्हणाल्या होत्या, "आमचं आई गेलं. मग मराठी बोलायला कोण नाही राहिलं." आणि मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "'आमची आई गेली' म्हणायचं, अक्का." त्यांनी ते म्हणूनसुद्धा दाखवलं होतं, माझ्यामागून, शाळेतल्या मुलीसारखं. आमची आई गेली. त्यानंतर त्या कधी माझ्याकडे बसल्या नव्हत्या. घशात पेन्सिल घेऊन बसलेली ती मास्तरीण कोण, असा मला इतके दिवस प्रश्न होता. ती मीच. जगाला जसं मी तपासत होते, तसंच जग मला तपासणार अशी माझी खात्री होती, म्हणून माझं तोंड बंद. मला अशी लाज वाटली की पायऱ्यांवर बसूनच राहिले.

पालेभाजीवाली गेल्यावर अक्कांनी माझ्या हातातलं पाकीट बघितलं. कुणाला, म्हणून विचारलं. मी ते पुढे केलं. त्यांनी ते सरळ फोडलं आणि वाचलं.

"एवढा चांगला कन्नड मी पण लिहत नाही," त्या म्हणाल्या. मग थबकल्या आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं.

लिहत की लिहीत, चांगला की चांगलं, माझ्या जिभेच्या टोकाशी सगळं येऊन उभं राहिलं. मी दातांखाली जीभ धरली.

"पाठ आहे हो पंधरा दिवसांनी," मी म्हटलं. "मला बोलताच येत नाही."

"येतं की. आता बोलला नव्हं का, शेपूचं?"

त्या दिवशी आमच्यात करार झाला. रोज दुपारी दोन ते तीन, मागच्या पडवीत. मी कन्नड बोलायचं, त्यांनी मराठी. कितीही चुकलं तरी समोरच्यानं सुधारायचं नाही. जी सुधारेल तिनं कॉफी करायची.

पहिले चार दिवस कॉफी मी केली. पाचव्या दिवशीही मीच. "माझं सून पत्र लिहिलं" असं अक्का म्हणाल्या की माझ्या घशातून कसलातरी आवाज येई, खोकल्यासारखा, आणि अक्का हसत चुलीकडे बोट दाखवीत. मी तक्रार केली की खोकला म्हणजे सुधारणा नव्हे. त्या म्हणाल्या, तुमचं खोकला मला समजतंय. अक्कांवर कॉफी करायची पाळी एकदाही आली नाही. त्या माझं सगळं ऐकून घेत, तुटकं, वाकडं, उलटंपालटं, आणि समजलं तेवढ्याला उत्तर देत. जे समजलं नाही ते "काय?" म्हणून पुन्हा विचारत. मग मी दुसऱ्या तऱ्हेनं सांगे. आमचे हे बाजारात नेमकं हेच करत होते, हे ध्यानात आल्यावर मला जरा वाईट वाटलं, पण ते मी त्यांना बरीच वर्षं सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी मी अक्कांना कन्नडमध्ये सांगितलं, की बनशंकरीला मी नवसाला गेले नव्हते, उतरता आलं नाही म्हणून गेले होते. त्या आधी गंभीर झाल्या, मग हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तूप मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झालं.

त्या तासात अक्का आपल्या आईविषयी खूप बोलल्या. काजं करायला आई कशी शिकवायची, कुठली गाणी म्हणायची, शेवटच्या आजारात कन्नड विसरून नुसतं मराठीच कशी बोलत राहिली. त्या सांगण्यात एक वाक्य धड नव्हतं. मी ते सगळं ऐकलं, आणि एकदाही खोकला आला नाही.

पाठाच्या दिवशी मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं घड्याळ करून नेलं. तिसरीला घड्याळ बघायला शिकवायचं होतं. चाळीसेक मुली, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका, हातात वही. मास्तरीण घशाशी येऊन बसलीच होती. तिला म्हटलं, बाई ग, तू आज कॉफी कर, आणि बोलायला सुरुवात केली.

दुसऱ्याच वाक्याला मुली खिदळल्या. मी विचारलं, काय चुकलं? पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली. मी तिच्यामागून म्हटलं आणि पुढे गेले. पाच मिनिटांत त्यांना खेळ सापडला. मी चुकायचा अवकाश, की चार-पाच हात वर. मग पावणेचार आले. आपण चाराला पाव कमी म्हणतो. कन्नडमध्ये तीन आणि वर पाऊण म्हणतात. मी आपल्या सवयीनं चाराला पाव कमी असं कन्नडमध्ये बोलून गेले, आणि वर्गात एकच गिल्ला झाला. तसं नसतं, मिस! एक मुलगी न विचारता फळ्यापाशी आली आणि काटा फिरवून मला समजावू लागली. दुसरी म्हणाली, पण मिस म्हणतात तेही होतं की, चाराला पावच तर कमी आहे, मोजून बघा. मग दोन तट पडले. भांडणात सगळ्यांनी काटे फिरवले, मिनिटं मोजली, आणि दोन्ही बाजूंनी येऊन एकाच ठिकाणी पोचल्या. घंटा झाली तरी कुणी उठेना. मला पुण्यातसुद्धा शिकवताना कधी इतकी मजा आली नव्हती.

पण बाहेर पडताना माझं विमान खाली आलं. वर्गात नुसता गोंधळ झाला होता. आवाज पार फाटकापर्यंत गेला असेल. ऑफिसात मी खुर्चीच्या टोकावर बसले.

"तेवीस चुका मोजल्या मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मग पेन्सिल खाली ठेवली."

"हो," मी म्हटलं.

"आधीच्या बाईंचं कन्नड म्हणजे पुस्तकच बघा. चूक म्हणून नाही. चार वर्षांत त्यांच्या वर्गातून मी कधी आवाज ऐकला नाही. वरांड्यातून जाताना वाटायचं, वा, काय शिस्त आहे! यंदा मीच तोंडी परीक्षा घेतली तेव्हा कळलं, निम्म्या पोरींना घड्याळच बघता येत नाही. एकीनंही कधी विचारलं नव्हतं. चुकेल म्हणून." त्यांनी वही मिटली. "सुट्टी संपली की सोमवारी या. साडेनऊला."

माझ्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत पुण्याच्या शाळेनं मला निरोप देताना दिलेलं प्रशस्तिपत्र होतं. जूनमध्ये त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणून आज पुन्हा आणलं होतं, पाठ फसलाच तर दाखवायला. त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की चार वर्षांत यांच्या वर्गातील शांतता सर्व शाळेला आदर्श ठरली. ते मला तोंडपाठ होतं. इतके दिवस ते मी अभिमानानं जपलं होतं.

मी ते बाहेर काढलं नाही. मुख्याध्यापिका काहीतरी कागद शोधत होत्या आणि मी त्या पुण्यातल्या मुली आठवत बसले होते. चेहरे आठवले, वेण्या आठवल्या, कोण कुठल्या बाकावर बसे तेही आठवलं. आवाज मात्र एकीचाही आठवेना.